नॅनोतंतू किती बारीक हे छापता, मग किती ग्रॅम तेही छापा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

नॅनोतंतूंच्या बातम्या आता मराठी वृत्तपत्रांत नेमाने येतात. केसाच्या तीन-चारशेपट बारीक धागा, त्याला असंख्य छिद्रे, त्यातून क्षणात चार्ज होणारी साधने आणि विषारी पाणी गाळणारे पडदे, असा त्यांचा साचा ठरून गेला आहे. बातमी खोटी नसते, प्रयोगशाळेत तसे खरोखर मोजलेले असते. पण मोजलेल्या दहा आकड्यांतला एकच छापून येतो आणि बहुधा तो असा असतो की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. या विषयात काम करणाऱ्यांच्या वतीने आमची मागणी साधी आहे: तंतू किती नॅनोमीटरचा हे छापता, तसे तो चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम बसवला आणि एक ग्रॅम माल बनवताना किती द्रावक हवेत गेला, हेही छापावे. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच झाली तर पुढच्या, इतिहासाच्या परिच्छेदाला लावावी.

विजेच्या दाबाने द्रवाचा धागा ओढण्याची, म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंगची, पेटंटे अमेरिकेत कूली आणि मॉर्टन यांनी १९०२ सालीच घेतली होती. १९३४ मध्ये फॉर्महाल्स यांनी त्यावर कृत्रिम धाग्याचे पेटंट घेतले. त्याच दशकाच्या अखेरीस सोव्हिएत रशियात पेत्र्यानोव्ह यांच्या नावाने ओळखले जाणारे गाळणकापड तयार होऊ लागले. सुईच्या टोकाशी थेंबाचा शंकू का होतो, याचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६० च्या दशकात मांडले आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲक्रन विद्यापीठातील रेनेकर यांच्या गटाने हे सगळे पुन्हा पुढे आणले. ‘नवे तंत्र’ असे लिहिताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

सच्छिद्र कार्बन नॅनोतंतूचेच उदाहरण घेऊ, कारण महाविद्यालयांतून सर्वांत जास्त तोच बनतो. कच्चा माल पॉलिॲक्रिलोनायट्राइल, बोलण्यात ‘पॅन’. ॲक्रिलिकच्या स्वेटरचा धागा ज्याचा होतो, तेच हे पॉलिमर. ते डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये, म्हणजे डीएमएफमध्ये, विरघळते. दीड लाखाच्या आसपास रेणुभार असलेली पावडर ६० अंश सेल्सिअसला रात्रभर सुकवायची. मग १ ग्रॅम पावडरीला ९ ग्रॅम डीएमएफ घेऊन ६० अंशांवर, झाकण लावून, सहा ते बारा तास ढवळायचे. पावडर थंड द्रावकात नीट पसरवून मग तापवावी. गरम द्रावकात एकदम ओतली तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात, बाहेरून फुगलेल्या आणि आतून कोरड्या, आणि दिवसभर ढवळूनही त्या मोडत नाहीत. द्रावण सिरिंजमध्ये भरून बोथट टोकाची २१ किंवा २२ गेजची सुई लावतात. पंपाने ताशी १ मिलिलिटर सोडायचे, सुईला १५ ते १८ किलोव्होल्ट द्यायचे आणि १५ सेंटिमीटरवर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलेला, अर्थिंग केलेला ड्रम फिरत ठेवायचा. शंकूच्या टोकातून निघालेली धार काही सेंटिमीटर सरळ जाते, मग चाबकासारखी गरगरू लागते, ताणली जाते, वाटेतच वाळते आणि ड्रमवर पांढऱ्या मऊ कापडासारखी साचते. या साचलेल्या थराला आम्ही मॅट म्हणतो.

द्रावणाला तार यावी लागते, पाकाला येते तशी. सहा टक्क्यांचे पातळ द्रावण कच्च्या पाकासारखे तुटते आणि धाग्याऐवजी माळ तयार होते, मध्ये मणी आणि दोहोंकडे दोरा. चौदा टक्क्यांचे झाले की तंतू जाड होतात आणि सुईच्या तोंडाशी वाळलेली गाठ लोंबू लागते. मॅटवर ओले ठिपके दिसले तर पंप जास्त सोडतो आहे किंवा व्होल्टेज कमी पडते आहे. तंतू एकमेकांना चिकटून पापुद्रा झाला असेल तर ड्रम फार जवळ आहे, डीएमएफला उडायला वेळच मिळत नाही. विजेचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असला तरी पुरवठा बंद केल्यावर सुईवर भार शिल्लक राहतो, म्हणून अर्थ केलेली दांडी टेकवल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. उत्साहाच्या भरात नेमके हेच राहून जाते.

यानंतरची गोष्ट महाराष्ट्रासाठी खास महत्त्वाची आणि ती कोणत्याच बातमीत नसते. ती म्हणजे हवेतली आर्द्रता. पॅन डीएमएफमध्ये विरघळते, पाण्यात नाही. धार हवेतून जाताना आजूबाजूची वाफ शोषते, पाणी आत शिरताच पॉलिमर आणि द्रावक वेगळे होऊ लागतात आणि तंतूवर खडबडीतपणा आणि छिद्रे येतात. सापेक्ष आर्द्रता ३० ते ४५ टक्के असेल तर तंतू गुळगुळीत आणि सारखा येतो. साठाच्या वर गेली की सुईच्या तोंडाशी पांढरी जेलीसारखी साय धरते आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पुसावी लागते. हीच कृती जुलैत रत्नागिरीत आणि मे महिन्यात नागपुरात केली तर दोन वेगळी कापडे मिळतात, आणि दोन्ही ठिकाणी वहीत लिहिलेले असते ‘खोलीचे तापमान’. काही जण आर्द्रता मुद्दाम वाढवून छिद्रे पाडतात. त्याला आमचा आक्षेप नाही, पण मग आर्द्रता हा कृतीतला घटक झाला, तो द्रावणाच्या टक्केवारीइतक्याच काटेकोरपणे पाळावा लागतो. पेटीत एक डिह्युमिडिफायर आणि हजार-दोन हजारांचा आर्द्रतामापक ठेवला तरी भागते. पावसाळ्यात जमलेला प्रयोग हिवाळ्यात का जमत नाही, याचे उत्तर निम्म्या वेळा तिथेच सापडते.

पुढे भट्टी. आधी हवेत २५० ते २८० अंशांपर्यंत, मिनिटाला एक-दोन अंशांच्या गतीने, आणि तिथे एक ते दोन तास. या टप्प्यात पॉलिमरच्या साखळ्या कड्यांत बांधल्या जातात आणि पुढच्या उष्णतेत वितळत नाहीत. ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. घाई करून मिनिटाला दहा अंशांनी तापवले तर मॅटमधली उष्णता बाहेर पडत नाही आणि तंतू एकमेकांत वितळून पत्रा होतो. रंगावर लक्ष ठेवावे. पांढरा, पिवळा, तपकिरी आणि शेवटी काळपट तपकिरी असा तो बदलतो, पिवळसर छटा राहिली असेल तर काम अर्धवट आहे. मॅट आक्रसते, म्हणून ती दोन सिरॅमिक किंवा ग्रॅफाइटच्या पट्ट्यांत धरून ठेवावी, मोकळी सोडली की पापडासारखी वाकडी होते. त्यानंतर नायट्रोजन किंवा अर्गॉनमध्ये ८०० ते १००० अंश, तासभर. नळीभट्टीत वायू सोडण्याआधी आतली हवा नीट काढून टाकावी लागते. जरा ऑक्सिजन राहिला की एवढा बारीक कार्बन जळून जातो आणि नळीत फक्त राखाडी डाग उरतो. या दोन टप्प्यांत अमोनिया निघतो आणि हायड्रोजन सायनाइडही निघतो. प्रमाण थोडे असले तरी भट्टीचा धूर खोलीत सोडणे हा गुन्हाच समजावा. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून आणि मग धूर ओढून घेणाऱ्या हूडमधून बाहेर गेला पाहिजे. ‘प्रदूषणावर उपाय शोधला’ या बातमीत धूर कुठे गेला, हे विचारायला हरकत नसावी.

आता ‘बारीक असल्याने पृष्ठफळ प्रचंड’ या वाक्याकडे वळू. ते वाचायला छान वाटते, हिशेबात टिकत नाही. गुळगुळीत तंतूचे दर ग्रॅम पृष्ठफळ काढायला चार भागिले (घनता गुणिले व्यास) एवढेच सूत्र लागते. व्यास २०० नॅनोमीटर आणि कार्बनची घनता घनसेंटिमीटरला १.८ ग्रॅम धरली तर उत्तर येते ११ चौरस मीटर. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा ग्रॅमला हजार, दीड हजार चौरस मीटर देतो. म्हणजे नुसत्या बारीकपणाने करवंटीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढेच हाती लागते. पृष्ठफळ देतात ती तंतूच्या अंगातली छिद्रे, त्यातही दोन नॅनोमीटरपेक्षा लहान. ती वेगळी पाडावी लागतात.

मग तंतूचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो खराच महत्त्वाचा आहे. कोळशाचा कण दहा मायक्रोमीटरचा असेल तर आयनाला, म्हणजे द्रवातल्या विद्युतभारित कणाला, मधल्या छिद्रापर्यंत पाच मायक्रोमीटर आत जावे लागते. तंतूत ते अंतर ०.१ मायक्रोमीटर, पन्नासपट कमी. विसरणाला, म्हणजे कण असा आपोआप आत पसरायला, लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे येथे फरक अडीच हजारपट. शिवाय तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने वीज वाहायला सलग वाट मिळते आणि कोळशाची पूड चिकटवायला लागणारा पाच-दहा टक्के चिकट पदार्थ वाचतो. नॅनोतंतूची ताकद वेगात आहे, साठ्यात नाही. बातमीचा मथळा मात्र नेमका साठ्यावरच असतो.

छिद्रे पाडायच्या तीन-चार रीती आहेत. पॅनच्या द्रावणात पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे ॲक्रिलिक पत्र्याचे पॉलिमर, मिसळले तर ते ३०० ते ४०० अंशांत विघटून उडून जाते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. या पोकळ्या मोठ्या असतात. वाहतुकीला त्या चांगल्या, साठ्याला फारशा कामाच्या नाहीत. निम्म्याहून जास्त मिसळले की तंतू हातात घेताच चुरतो. जस्त क्लोराइड घातले तर सूक्ष्म छिद्रे येतात, पण नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि पाण्याने, धुवणाचा सामू (पीएच) सातवर येईपर्यंत धुवावे लागते. राहिलेले जस्त पुढच्या मोजणीत घोळ घालते. कार्बन डायऑक्साइडमध्ये ८५० अंशांना थोडा कार्बन जाळून छिद्रे करणे सर्वांत स्वच्छ, मात्र त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि ३० ते ५० टक्के माल जळून जातो. कॉस्टिक पोटॅशने पृष्ठफळ सर्वाधिक मिळते, म्हणून शोधनिबंधांत तेच जास्त दिसते. ७०० ते ८०० अंशांत पोटॅशियम धातूची वाफ होते, ती क्वार्ट्झची नळी खाते, भट्टीच्या थंड भागात साचते आणि नंतर कोणी ओल्या फडक्याने पुसायला गेला की पेट घेते. निकेलची मूस वापरावी, थंड झाल्यावर आधी अल्कोहोल आणि मग पाणी, अशा क्रमाने सावकाश धुवावे. एवढे करून बहुतेक वेळा मॅटचा लवचीकपणा जातोच. ‘कागदासारखे वाकणारे’ आणि ‘ग्रॅमला दोन हजार चौरस मीटर’ हे दोन दावे एकाच वाक्यात आले तर ते एकाच नमुन्याचे आहेत का, हे विचारावे.

पृष्ठफळ मोजायलाही पुरेसा माल लागतो. नायट्रोजनने, उणे १९६ अंशांना, वीस मिलिग्रॅम कार्बनवर मोजलेले पृष्ठफळ तराजूच्या चुकीने सहज दहा टक्के इकडेतिकडे होते. मॅट हलकी असते, नळीत मावत नाही, म्हणून थोडीच भरली जाते. दुखणे तिथून सुरू होते.

आता सुपरकॅपॅसिटर, म्हणजे बातम्यांतले ते क्षणात चार्ज होणारे साधन. समजा ५० मायक्रोमीटर जाडीची कार्बनची मॅट आहे आणि तिच्यात ८५ टक्के पोकळी आहे, जी इलेक्ट्रोस्पिनिंगच्या मॅटमध्ये सर्रास असते. चौरस सेंटिमीटरला कार्बन बसतो सुमारे १.३५ मिलिग्रॅम. बाजारातल्या इलेक्ट्रोडवर साधारण १० मिलिग्रॅम असतो. आणि ती ८५ टक्के पोकळी मोकळी राहत नाही, इलेक्ट्रोलाइटने, म्हणजे आयन वाहणाऱ्या द्रवाने, भरते. सहा मोलर तीव्रतेचे कॉस्टिक पोटॅशचे द्रावण पाण्याहून जड, म्हणजे तेवढ्याच जागेत सव्वापाच मिलिग्रॅमच्या पुढे द्रव. कार्बनच्या चौपट वजनाचे पाणी वाहून नेणारा हा इलेक्ट्रोड. बातमीत ‘२०० फॅरड प्रति ग्रॅम’ अशी धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, असते ती फक्त कार्बनच्या ग्रॅमची. द्रवाचे वजन धरले की तेच ४० होते. धातूचा पत्रा, विभाजक आणि डबा तर अजून मोजलेलेच नाहीत.

दुसरी मेख तीन-इलेक्ट्रोड आणि दोन-इलेक्ट्रोड मोजणीची. पहिल्या रीतीत एकाच इलेक्ट्रोडची धारिता मिळते. खरे साधन दोन इलेक्ट्रोडचे असते, ते एकामागोमाग जोडलेले असल्याने धारिता निम्मी होते आणि वजन दुप्पट. म्हणजे ग्रॅममागे चौथा हिस्सा. २०० चे झाले ५०. तिसरी मेख व्होल्टेजची. पाण्याच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये सुमारे १ व्होल्टपुढे जाता येत नाही, सेंद्रिय द्रावकात २.७ व्होल्ट मिळतात, आणि ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने ठरते. तिथेच सातपट फरक पडतो. पाण्यातली फॅरड आणि सेंद्रिय द्रावकातली फॅरड शेजारीशेजारी ठेवणे म्हणजे किलो आणि पायलीची तुलना. याच विषयातले संशोधक सायमन आणि गोगोत्सी यांनी २०११ मध्येच ही तक्रार जाहीरपणे मांडली होती, तरी मथळे बदललेले नाहीत. निकेलच्या जाळीवर मॅट ठेवून कॉस्टिक पोटॅशमध्ये मोजली तर निकेल स्वतःच्या ऑक्सिडीकरणाची धारिता भर म्हणून देते. माल जितका कमी तितका हा फुकटचा हिस्सा मोठा.

एक प्रत्यक्ष हिशेब. बाजारात ३००० फॅरड, २.७ व्होल्टचा सुपरकॅपॅसिटर मिळतो, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. त्यात मावते सुमारे ३ वॅट-तास ऊर्जा. हातातल्या मोबाइलच्या ५००० मिलिअँपिअर-तास बॅटरीत १९ वॅट-तास असतात, हेही सोबत सांगायला हवे. सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये एका इलेक्ट्रोडचे ग्रॅमला १०० फॅरड धरले तर अशा एका नगाला १२० ग्रॅम कार्बन लागतो. एक सुई ताशी १ मिलिलिटरने सुमारे ०.१ ग्रॅम पॅन सोडते. आठ तासांत ०.८ ग्रॅम, आणि भट्टीतून निघते त्याच्या पंचेचाळीस टक्के, म्हणजे जेमतेम ०.३५ ग्रॅम कार्बन. एका नगासाठी एक सुई ३४० दिवस चालवावी लागेल, रविवार आणि गणपतीची सुटी न घेता. सुयांशिवाय, तारेवरून किंवा फिरत्या रुळावरून एकाच वेळी शेकडो धारा उठवणारी यंत्रे आहेत. चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्सच्या तांत्रिक विद्यापीठात यिर्साक यांच्या कामातून ‘नॅनोस्पायडर’ आले, ते याच जातीचे. जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’सारखे, नुसत्या फिरण्याच्या जोरावर तंतू काढणारी यंत्रेही आहेत, त्यांना उच्च व्होल्टेज लागत नाही. तरी द्रावकाचा प्रश्न सुटत नाही. १ ग्रॅम पॅनमागे ९ ग्रॅम, आणि १ ग्रॅम कार्बनमागे २० ग्रॅम डीएमएफ हवेत. १२० ग्रॅमच्या नगासाठी २.४ किलो.

डीएमएफ यकृताला आणि प्रजननक्षमतेला अपायकारक आहे आणि ते कातडीतूनही शरीरात जाते. सर्वत्र दिसणारे निळे नायट्राइलचे हातमोजे त्यापुढे फार वेळ टिकत नाहीत, ब्यूटिल रबराचे लागतात. युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर निर्बंध आणले आहेत. कारखान्यात ही वाफ पाण्याच्या स्क्रबरमध्ये पकडून, ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येते. महाविद्यालयात ती खिडकीबाहेर जाते. हरित ऊर्जेच्या साहित्यावर हा आक्षेप घेतला की काहींना राग येतो. आम्हाला हा आक्षेप रास्त वाटतो.

हवा गाळण्यात मात्र नॅनोतंतू खरोखर बाजी मारतो, कारण तिथे ग्रॅम फारच थोडे लागतात. जाड न विणलेल्या कापडावर चौरस मीटरला ०.१ ते १ ग्रॅम नॅनोतंतूचा थर पुरतो. डोळ्यांना तो दिसतही नाही. अमेरिकेची डोनाल्डसन कंपनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून असे गाळणकागद विकते आहे. हवेच्या रेणूचा दोन धडकांमधला प्रवास सरासरी ६५ नॅनोमीटर. तंतू त्याच्या जवळपास बारीक झाला की हवा त्याच्या अंगावरून घसरून जाते आणि तेवढ्या गाळण्याला दाब कमी लागतो. नेहमीच्या मास्कमधला मेल्टब्लोन, म्हणजे वितळलेले प्लास्टिक हवेने फुंकून केलेला, थर एक ते पाच मायक्रोमीटरच्या तंतूंचा असतो आणि त्याचे काम बरेचसे अंगी भरलेल्या विद्युतभारावर चालते. सॅनिटायझरमधले अल्कोहोल लागले की तो भार उतरतो आणि मास्क दिसायला तसाच राहून गळका होतो. नॅनोतंतू भारावर अवलंबून नसतो, म्हणून तो या परीक्षेत टिकतो.

इथेही एक आकडा अर्धवट छापला जातो. ‘९९ टक्के कण अडवले’, पण किती दाबाला? एक थर ३० पास्कलला ९० टक्के अडवत असेल तर दोन थर ६० पास्कलला ९९ आणि तीन थर ९० पास्कलला ९९.९ टक्के अडवतील. थर वाढवून कोणीही ९९.९ गाठू शकतो, श्वास घेता येईल की नाही हा प्रश्न वेगळा. मास्कसाठीच्या आयएस ९४७३ या भारतीय मानकात श्वासाचा रोधही मोजायचा असतो तो याचसाठी. कणाचा आकारही विचारावा. ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे कण पकडायला सर्वांत अवघड, ३ मायक्रोमीटरचे कण तर साधे कापडही बरेचसे अडवते. शिवाय फोडणीच्या तेलकट धुरात हा पातळ थर लवकर तुंबतो, आणि नायट्रोजन डायऑक्साइड किंवा ओझोन यांसारखे वायू त्यातून सरळ पार जातात. त्यांना सक्रिय कोळसाच हवा.

पाण्याचे दावे सर्वांत जास्त फुगवलेले असतात. इचलकरंजीच्या सूत प्रक्रियेचे सांडपाणी आणि पंचगंगा यांची नावे घेऊन बातमी लिहिली जाते. प्रयोग मात्र ऊर्ध्वपातित पाण्यात मिथिलीन ब्लू घालून केलेला असतो. मिथिलीन ब्लू धनभारित रंग आहे, कापसावर वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित. शिवाय रंगाई करताना लिटरला दहा-वीस नव्हे तर पन्नास ग्रॅम, कधी त्याहून जास्त मीठ घालावे लागते आणि तेही सांडपाण्यात येते. त्यात कार्बनची पकड वेगळीच होते. एक ढोबळ हिशेब करू. दिवसाला एक लाख लिटर सांडपाणी, त्यात लिटरला १०० मिलिग्रॅम रंग धरला तर रोज १० किलो रंग. कार्बन ग्रॅमला २०० मिलिग्रॅम धरतो असे उदारपणे मानले तरी रोज ५० किलो नॅनोतंतू लागतील. वरच्या सुईच्या हिशेबाने एक लाख चाळीस हजारांहून जास्त सुया. करवंटीचा कोळसा तेच काम पोत्याने करतो. पाण्यात नॅनोतंतूची खरी जागा पडद्याच्या आधारथरात आहे, जिथे चौरस मीटरला काही ग्रॅमच लागतात. तिथेही ताण पडून तुटलेले तंतू पाण्यात जातात का, हे तपासलेले असावे.

हायड्रोजनबद्दल एकच गोष्ट लिहितो, कारण ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात स्वदेशी इंधनघटावरची (फ्युएल सेलवरची) बस दाखवली गेल्यापासून या विषयावरचे लेखन वाढले आहे. पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या नॅनोतंतू-उत्प्रेरकाची बातमी येते, ‘प्लॅटिनमशिवाय प्लॅटिनमइतकाच’ अशी. अशा प्रयोगात समोरचा इलेक्ट्रोड कशाचा होता, हे आधी विचारावे. तो प्लॅटिनमच्या तारेचा असेल तर तासन्तास चालणाऱ्या चाचणीत तारेतले प्लॅटिनम थोडे थोडे विरघळून नमुन्यावर बसते आणि ‘उत्प्रेरक वापरता वापरता सुधारतो’ असा चमत्कार दिसतो. ग्रॅफाइटची कांडी लावून पुन्हा मोजले की चमत्कार ओसरतो. सच्छिद्र मॅट या बाबतीत जास्त फसवी, कारण प्लॅटिनम बसायला तिच्यात जागाच जागा असते.

आणि शेवटी उसाचे चिपाड, कारण साखर कारखान्यांच्या राज्यात ही बातमी आज ना उद्या येणारच. चिपाडात साधारण पाचवा हिस्सा लिग्निन, म्हणजे वनस्पतीला ताठपणा देणारे पॉलिमर, असते आणि त्याचा कार्बन तंतू होऊ शकतो. नुसत्या लिग्निनला तार येत नाही, त्यात थोडे पॉलिइथिलीन ऑक्साइड मिसळावे लागते. हवेतल्या तापवणीत लिग्निन पॅनपेक्षा लवकर मऊ पडते, म्हणून मिनिटाला एक अंशही जास्त होतो, अर्धा किंवा त्याहून कमी ठेवावा लागतो. खरी अडचण राखेची आहे. चिपाडाबरोबर सिलिका आणि पोटॅशियम येते, आणि पोटॅशियम असले की भट्टीत आपोआप छिद्रे पडतात, प्रत्येक गाळप हंगामात वेगळी. कार्बन तंतूसाठी लिग्निनमधली राख ०.१ टक्क्याच्या खाली असावी असा निकष धरतात. बातमीदाराने राखेची टक्केवारी तेवढी विचारून घ्यावी.

आपले,
पॉलिमर व विद्युतरसायन विषयांचे काही अध्यापक
पुणे